ओपन ट्यूनिंगवर जुनी पॉप गाणी: नागपुरातल्या गिटार शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकवणीत, गॅदरिंगच्या तालमीत आणि फुटाळा तलावावर गिटार घेऊन बसणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. तारा सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून पहिल्या म्हणजे सगळ्यात बारीक तारेपर्यंत, या क्रमाने लिहिल्या आहेत. आकडा म्हणजे फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांपैकी कितवी), ० म्हणजे मोकळी तार आणि × म्हणजे ती तार वाजवायची नाही.

ओपन ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय?

डाव्या हाताचं एकही बोट न लावता सहाही तारा छेडल्या आणि त्यातून एक पूर्ण कॉर्ड निघाली, की ते ओपन ट्यूनिंग. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तारा ई-ए-डी-जी-बी-ई अशा असतात. त्या मोकळ्या छेडल्या तर कुठलीही सरळ कॉर्ड निघत नाही. ओपन डीमध्ये त्याच तारा डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी होतात. गाणं शिकलेल्यांसाठी हे समजायला फारच सोपं आहे: डीला सा धरा, तारा झाल्या सा-प-सा-ग-प-सा. ओपन जीमध्ये डी-जी-डी-जी-बी-डी, म्हणजे जीला सा धरून प-सा-प-सा-ग-प. तंबोऱ्यावर जे सूर लावतात तेच इथे आहेत, वर गंधाराची एक तार जास्त.

आता पाचव्या फ्रेटवर सगळ्या तारांवर एक बोट आडवं ठेवा. मध्यमाची कॉर्ड वाजेल. सातव्यावर ठेवा, पंचमाची. बाराव्यावर पुन्हा सा, वरच्या सप्तकातला. ओपन जी असो, डी असो की ई, ०-५-७ हे गणित बदलत नाही. साठ-सत्तरच्या दशकांतली कितीतरी पॉप आणि रॉक गाणी याच तीन कॉर्डवर उभी आहेत.

काका म्हणतात, तारा सैल करून वाजवणं ही पळवाट आहे. खरं आहे का?

नाही. १९व्या शतकात अमेरिकेत घरोघरी वाजवल्या जाणाऱ्या 'सेबॅस्टोपोल' आणि 'स्पॅनिश फँडँगो' या रचना ओपन डी आणि ओपन जीमध्ये होत्या. म्हणूनच पुढे ब्लूज वाजवणारे ओपन डीला 'व्हेस्टापोल' आणि ओपन जीला 'स्पॅनिश' म्हणू लागले. हवाई बेटांवरची स्लॅक-की ही अख्खी वादनपद्धतच तारा उतरवून वाजवायची आहे. 'टॅरो पॅच' या नावाने तिथे सगळ्यात जास्त वाजतं ते ओपन जीच.

डाव्या हाताचे कष्ट कमी होतात हे खरं. पण तेवढेच कष्ट कानाकडे आणि उजव्या हाताकडे जातात. कुठली तार छेडायची, कुठली सोडायची, कुठे हाताच्या कडेने आवाज दाबायचा, हे सगळं उजव्या हाताला शिकावं लागतं. नुसतं आडवं बोट वरखाली सरकवत राहिलं, तर प्रत्येक गाणं सारखंच ऐकू येतं. काकांचा आक्षेप तिथे लागू पडतो, आणि त्यावरचा उपाय पुढे कॉर्डच्या प्रश्नात दिला आहे.

सुरुवात कशाने करू? जी, डी, ई की ए?

ओपन जीने. कारण साधं आहे. चौथी, तिसरी आणि दुसरी तार (डी, जी, बी) जागची हलतच नाही. सहावी ईची डी, पाचवी एची जी आणि पहिली ईची डी, एवढंच करायचं. तिन्ही तारा एकेक पूर्ण स्वर खाली जातात. मधल्या तीन तारांवरच्या तुमच्या ओळखीच्या जागा तशाच राहतात.

त्यानंतर ओपन डी. यात चार तारा हलतात: सहावी आणि पहिली ईवरून डीवर, दुसरी बीवरून एवर आणि तिसरी जीवरून अर्धा स्वर खाली एफ शार्पवर. एकेक तार छेडून गाणाऱ्यांना, सावकाश गाण्यांना आणि बोटांनी वाजवणाऱ्यांना हे जास्त मानवतं, कारण सगळ्यात जाड तार थेट सा देते.

ओपन ई आणि ओपन ए यांत तारा वर चढवाव्या लागतात. तार एक पूर्ण स्वर चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो आणि एक स्वर उतरवली की सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. अकुस्टिक गिटारवर, त्यातही जुन्या गिटारवर, हा वाढीव ताण ब्रिजवर, म्हणजे पाटीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर, येतो. ते टाळा. ओपन डीवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, ओपन ई झालं. ओपन जीवर दुसऱ्याला लावा, ओपन ए.

ट्यूनर नसताना ओपन जी कसं लावायचं?

गिटार आधी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नीट सुरात आहे असं धरू. न हललेल्या तारांतच तुमचा आधार आहे. चौथी डी छेडा आणि सहावी उतरवत आणा, तोच सूर एक सप्तक खाली मिळेपर्यंत. मग चौथीशीच पहिली मिळवा, एक सप्तक वर. शेवटी तिसरी जी छेडून पाचवी तिच्याशी खालच्या सप्तकात मिळवा. झालं.

ओपन डीमध्येही तसंच: सहावी आणि पहिली चौथीशी मिळवा, दुसरी पाचवीशी. तिसऱ्या तारेसाठी चौथी तार चौथ्या फ्रेटवर दाबा, तिथे एफ शार्प मिळतो.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. तार उतरवताना हव्या त्या सुराच्या थोडं खाली जा आणि मग वर चढवत सुरावर या. वरून उतरत येऊन थांबलात तर खुंटीच्या दात्यांमधली ढिलाई तशीच राहते आणि दोन ओळी वाजवेपर्यंत तार आणखी उतरते. नटमध्ये (गळ्याच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) तार अडकून 'टिक' असा आवाज येत असेल, तर तार सैल करून त्या खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा.

अ‍ॅपवर सगळ्या तारा हिरव्या दिसतात, तरी कॉर्ड कानाला खटकते. माझा कान चुकतो का?

तुमचा कान बरोबर आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अ‍ॅप सप्तकाचे बारा सारखे भाग करतं, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्या हिशेबाने शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटवर येतो. पण सा सोबत वाजत असताना जो गंधार त्यात पूर्ण मिसळतो, तो सुमारे ३८६ सेंटवर असतो, म्हणजे १४ सेंट खाली. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटचा आहे, तो जाणवत नाही. गंधारात मात्र जाणवतो. हार्मोनियमचा गंधार गायकाला चढा वाटतो, तो याच कारणाने.

तंबोरा नीट लागला की कुणीही न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या आत तो मूळ सुराच्या पाचपट वेगाच्या कंपनाच्या रूपाने असतोच. गिटारवर तो बोटाने बाहेर काढता येतो. ओपन डी लावा. सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या पट्टीपासून अगदी किंचित नटच्या बाजूला बोट नुसतं टेकवून छेडा आणि लगेच उचला. घंटेसारखा बारीक सूर येईल. तोच स्वयंभू गंधार. आता तिसरी तार बाराव्या फ्रेटवर अशीच हलके टेकवून छेडा. दोन्ही सूर एकत्र वाजू द्या. त्यांच्यात थरथर ऐकू येईल. तिसरी तार हळूहळू उतरवा, थरथर मंदावत जाईल आणि एका जागी थांबेल. आता सहाही तारा छेडून ऐका.

ओपन जीमध्ये हेच पाचव्या आणि दुसऱ्या तारेवर करायचं.

याला एक मर्यादा आहे. आडव्या बोटाच्या सगळ्या मेजर (शुद्ध गंधाराच्या) कॉर्ड यामुळे सुंदर वाजतात, कारण प्रत्येक ठिकाणी ती तार गंधाराचंच काम करते. पण ओपन जीमधल्या ई मायनरमध्ये (मायनर म्हणजे कोमल गंधाराची कॉर्ड) तीच दुसरी तार पंचम होते, आणि तो पंचम मग उतरलेला लागतो. गाण्यात मायनर कॉर्ड बऱ्याच असतील तर गंधार पूर्ण १४ सेंट न उतरवता ६-७ सेंटवर थांबा. तंतोतंत जागा गाण्याप्रमाणे ठरते आणि ती कानानेच ठरवायची.

आडव्या बोटाशिवाय कुठल्या कॉर्ड वाजवता येतात?

ओपन जीपासून सुरू करू. चार आकार शिका:

जी: ०-०-०-०-०-०
ई मायनर: २-०-२-०-०-२
सी: ×-०-२-०-१-२
डी: ०-२-०-२-३-०

हा क्रम ओळखीचा वाटेल. पन्नास-साठच्या दशकांतल्या प्रेमगीतांमध्ये पहिली, सहावी, चौथी, पाचवी (सा, ध, म, प यांवरच्या) अशा कॉर्डची ही साखळी इतकी वाजली आहे, की चाल माहीत नसली तरी पुढची कॉर्ड कान आधीच सांगतो. ई मायनरसाठी सहाव्या तारेवर मधलं बोट, चौथ्यावर अनामिका आणि पहिल्यावर करंगळी ठेवा. तर्जनी मोकळी राहते. सीकडे जाताना अनामिका आणि करंगळी हलवायचीच नाहीत, फक्त मधलं बोट उचलायचं आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवायची. हा एक बदल सावकाश, तालात, शंभर वेळा करा. ओपन ट्यूनिंगची गोडी इथे कळते: बोटं कमी हलतात, मोकळ्या तारा घुमत राहतात आणि एक कॉर्ड दुसरीत विरघळत जाते.

ए मायनर हवी असेल तर ×-२-२-२-१-२. ही मात्र बोटांना अवघड जाते, घाई नको.

ओपन डीमध्ये सगळ्यात देखणी जोडी म्हणजे बी मायनर, ×-२-०-०-२-०, आणि तिच्यातच तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर एक बोट वाढवलं की होणारी जी, ×-२-०-१-२-०. यातल्या जीचा खालचा सूर बी असल्यामुळे ती नेहमीच्या जीपेक्षा हलकी, तरंगती वाटते. एसाठी ×-०-२-×-०-२. ई मायनरला इथे सोपा आकार नाही. दुसऱ्या फ्रेटवर आडवं बोट ठेवा आणि तिसरी तार वाजवूच नका. गंधार नसल्याने ती मेजरही नाही, मायनरही नाही. गाणारा सूर ते ठरवतो.

मुळातच ओपन ट्यूनिंगमध्ये असलेली प्रसिद्ध गाणी कोणती?

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचे कीथ रिचर्ड्स हे पहिलं नाव. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ओपन जी धरलं आणि सहावी तार काढूनच टाकली. ओपन जीमध्ये सहावी तार पंचम देते, जाड आवाजात तो 'सा' या सुराला झाकून टाकतो. ती काढली की पाचवी तार, म्हणजे सा, सगळ्यात खाली राहते. १९६९चं 'हाँकी टाँक विमेन', १९७१चं 'ब्राउन शुगर' आणि १९८१चं 'स्टार्ट मी अप' या पाच तारांच्या ओपन जीवर आहेत. त्यांची ओळखीची लकब अशी: तर्जनी आडवी ठेवायची आणि तिच्यापुढे मधलं बोट दुसऱ्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर टेकवायची, उचलायची. 'स्टार्ट मी अप'ची सुरुवात पाचव्या फ्रेटवर याच हालचालीतून होते. तुम्हाला तार काढायची गरज नाही, उजव्या हाताने ती सोडायला शिका.

गायिका जोनी मिचेल यांचं १९७०चं 'बिग यलो टॅक्सी' ओपन ईमध्ये आहे आणि त्याच्या कॉर्ड मुख्यतः पहिली, चौथी, पाचवी याच आहेत. ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटला कॅपो, मग कॅपोपासून मोजून ०, ५ आणि ७. नवशिक्यासाठी याहून चांगलं पहिलं गाणं मला माहीत नाही. फक्त उजव्या हाताचा ठेका जिवंत ठेवा, सगळी मजा तिथे आहे.

रिची हेवन्स यांना जरूर ऐका, आणि शक्य असेल तर पाहा. १५ ऑगस्ट १९६९ला वुडस्टॉकचा महोत्सव त्यांच्या गाण्याने सुरू झाला. ओपन डी, आणि कॉर्ड धरण्यासाठी गळ्यावरून आलेला अंगठा. उजवा हात किती बोलू शकतो हे त्यांच्याकडून कळतं.

जुनी हिंदी-मराठी गाणी यात बसतील का?

काही फार सुंदर बसतात, काही अजिबात नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: गाण्यातला गंधार पाहा.

मोकळ्या तारेत शुद्ध गंधार सतत घुमतो आहे. चाल बिलावल, यमन, भूप, पहाडी, खमाज यांच्या अंगाची असेल, तर तो तिला साथ देतो. 'शोले'मधलं (१९७५) 'ये दोस्ती' तीन मेजर कॉर्डवर साथीला घेता येतं, सुरुवातीला तेच घ्या. खमाजाच्या अंगाच्या गाण्यात कोमल निषाद आला की दहाव्या फ्रेटवरची कॉर्ड करून पाहा.

पण चालीत कोमल गंधार असेल, म्हणजे काफी, भैरवी, शिवरंजनी, तर तोच शुद्ध गंधार गायकाशी भांडतो. 'यादों की बारात'मधलं (१९७३) 'चुरा लिया है' सगळ्यांना आधी शिकायचं असतं, पण ते मायनरमधलं आहे. ते नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच वाजवा. मुद्दाम ओपनमध्ये करायचं असेल तर ओपन डी लावून तिसरी तार आणखी अर्धा स्वर खाली, एफवर न्या. आता तारा सा-प-सा-कोमल ग-प-सा झाल्या. तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला बोट ठेवलं की शुद्ध गंधार परत मिळतो. ब्लूज गायक स्किप जेम्स अशाच मायनर ट्यूनिंगवर वाजवत.

भैरवीत अजून एक काळजी घ्या. या मायनर ट्यूनिंगमध्ये सातव्या फ्रेटच्या कॉर्डमध्ये शुद्ध ऋषभ येतो आणि भैरवीचा ऋषभ कोमल. तिथे कॉर्ड बदलण्याचा आग्रह सोडा, मोकळ्या तारा घुमत ठेवा आणि चाल पहिल्या-दुसऱ्या तारेवर वाजवा. मालकंसात पंचमच नाही. गायक तंबोऱ्यात पंचमाऐवजी मध्यम लावतात, तसंच पाचवी आणि दुसरी तार एवरून जीवर आणा.

माझी पट्टी काळी चार आहे. कॅपो कुठे लावू?

काळी चार म्हणजे जी शार्प: ओपन जी, कॅपो पहिल्या फ्रेटवर. काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर. पांढरी पाच म्हणजे कॅपोशिवाय ओपन जी. पांढरी दोन म्हणजे कॅपोशिवाय ओपन डी, काळी दोनसाठी त्यावर पहिल्या फ्रेटला कॅपो, पांढरी चारसाठी तिसऱ्याला. काळी एकमध्ये गाणाऱ्यांनी ओपन डीच्या सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवाव्यात. पांढरी एकसाठी ओपन जीवर पाचव्या फ्रेटला कॅपो.

कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून ठेवा आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासा. सैल तारा कॅपोखाली सहज चढतात, जाड तारा जास्त.

ओपन डी लावलं की सहावी तार फडफडून राहिली. गिटार बिघडली का?

नाही. ताण कमी झाला की तार जास्त रुंद हलते. शिवाय गळ्यावरची ओढ कमी झाल्याने तो किंचित मागे जातो आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. आधी उजवा हात हलका करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. मग तारांकडे बघा. बर्डीच्या बाजारात सेट मागितला की पुष्कळदा हातात १०-४७चा 'एक्स्ट्रा लाइट' येतो (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात). त्याऐवजी १२-५३चा 'लाइट' मागा. गिटार कायम ओपन डीमध्येच ठेवणार असाल तर १३-५६चा 'मीडियम'ही चालेल, पण तो लावून नेहमीच्या ट्यूनिंगवर चढवू नका. ट्रस रॉड (गळ्याचा वाक सुधारणारी आतली सळई) स्वतः फिरवायला जाऊ नका, जाणकाराकडे द्या.

नवतपा लागला की गिटार सुरात राहतच नाही. काहून?

उन्हाळ्यात इथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. गरम झालं की पोलादी तार लांबते आणि सूर उतरतो. हे काही मिनिटांत होतं. दुसरी गोष्ट हळू घडते: कोरड्या हवेत लाकूड आकसतं. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी नागपूरची हवा त्याच्या कितीतरी खाली असते. गळ्याच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोचू लागली, वरची पाटी ब्रिजपुढे खोलगट दिसू लागली, की समजा लाकूड सुकलं आहे.

त्यात आपला कूलर. तो सुरू केला की खोलीत ओलसर हवा भरते, बंद केला की काही तासांत पुन्हा कोरडं. कूलरच्या झोताच्या समोर भिंतीला टांगलेली गिटार दिवसातून दोनदा फुगते आणि सुकते. ओपन ट्यूनिंगमध्ये हे लगेच कळतं, कारण मोकळी कॉर्ड सुरातून गेली की लपवायला जागाच नसते. गिटार कूलरपासून लांब, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, बॅगमध्ये किंवा पेटीत ठेवा. साबणाच्या डबीला भोकं पाडून, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा ठेवून ती डबी पेटीत ठेवली तरी बराच फरक पडतो. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी ओला करावा लागतो. पाणी लाकडाला लागता कामा नये.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत गिटार कधीच सोडू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. बंद गाडीत ब्रिजखालचा डिंक मऊ होतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज उचकटतो.

पावसाळ्यात उलट होतं. लाकूड फुगतं, पाटी वर येते, तारा फ्रेटपासून उंच जातात आणि आडवं बोट ठेवायला जोर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये ओला स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

स्लाइड याच ट्यूनिंगवर वाजवतात ना?

हो. स्लाइड म्हणजे तारा फ्रेटवर न दाबता त्यांवर काचेची किंवा धातूची नळी सरकवून वाजवणं, आणि आपल्याकडे त्याची मोठी परंपरा आहे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतली हवाईयन गिटार ही स्लाइडच. व्हॅन शिप्ले यांच्या वाद्यगीतांच्या रेकॉर्ड अनेक घरांत होत्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी स्लाइड गिटारवर राग वाजवले, विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली. भट्ट आणि राय कूडर यांच्या १९९३च्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या अल्बमला ग्रॅमी मिळालं. हेच राय कूडर ओपन जीमधले उस्ताद, ज्यांच्या वादनाचा कीथ रिचर्ड्सवर प्रभाव होता. सुरुवातीला एवढंच लक्षात ठेवा: स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरायची, मागे नाही, आणि तिच्या मागच्या बोटाने तारा हलके दाबून ठेवायच्या.

आईला साठीनंतर शिकायचं आहे. बोटं दुखतात. जमेल का?

नक्की जमेल, आणि त्यांच्यासाठी ओपन डीच घ्या. जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला होता. डावा हात अशक्त राहिल्याने नेहमीचे आकार धरणं कठीण होतं, म्हणून त्या ओपन ट्यूनिंगकडे वळल्या आणि त्यातून त्यांनी डझनावारी नवी ट्यूनिंग शोधली.

आईंना बारीक तारा लावून द्या, १०चा सेट चालेल, फडफड झाली तर उजवा हात हलका ठेवायला सांगा. आडवं बोट अजिबात नको. आधी मोकळ्या तारा छेडत त्यांना जे गाणं येतं ते गाऊ द्या, अभंग, अंगाई, काहीही. मग बी मायनर आणि जीची ती जोडी. भजनाची सवय असलेल्यांचा कान आधीच तयार असतो, त्या गंधार आपणहून मिळवतील.

ओपन ट्यूनिंगची सवय लागली तर नेहमीचं विसरेन का?

नाही. दोन्ही रोज थोडं थोडं वाजवा. आठवडाभर गिटार एकाच ट्यूनिंगमध्ये ठेवू नका, एवढंच.

एकच गिटार आहे आणि कार्यक्रमात दोन ट्यूनिंग लागणार. कसं करू?

गाण्यांचा क्रम ट्यूनिंगप्रमाणे लावा. नेहमीच्या ट्यूनिंगची गाणी आधी, मग ओपन जी, मग त्यातूनच ओपन डी. जीवरून डीवर जाताना सहावी, चौथी आणि पहिली तशाच राहतात. पाचवी जीवरून एवर चढते, तिसरी जीवरून एफ शार्पवर आणि दुसरी बीवरून एवर उतरते. हा बदल घरी डोळे मिटून करता येईपर्यंत करा. मध्ये सूत्रसंचालकाला दोन वाक्यं बोलायला सांगून ठेवा. क्लिप लावायचा ट्यूनर वापरा, तो लाकडातली कंपनं पकडतो, गर्दीच्या आवाजाने गोंधळत नाही.

मे महिन्यात वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या एसी सभागृहात कार्यक्रम असेल, तर बाहेरून आत शिरल्याबरोबर गिटार सुरात लावू नका. थंडाव्याने तारा आकसतात आणि सूर चढत जातो. अर्धा तास आधी पोचा, पेटी उघडून गिटार विंगेत ठेवा, मग लावा. पडदा उघडण्यापूर्वी गंधाराची तार एकदा कानाने तपासा, आणि कॅपो लावणार असाल तर तो लावूनच तपासा.